लाखेच्या अंगरख्यातला मशालजी

एक होता राजा. राणी केव्हाच गेलेली. होती एक लेक, केतकी. रोज सकाळी राजा तिला आपल्या हातानं दूधभात भरवायचा. त्या दिवशीही तो भात कालवत बसला होता, तोच गोदा दासी आली. "महाराज, ताईसाहेब उठत नाहीत. अंग नुसतं तव्यासारखं तापलंय."

मग रानातली साळू वैदीण आली. तिनं तीन गोळ्या दिल्या. साध्यासुध्या नव्हत्या, बरं का! एकेका गोळीत एकेक इवलासा मशालजी, अंगात लाखेचा अंगरखा. आपल्या पोटात असतं एक आंबट तळं. ते ओलांडलं की अंगरखा उतरवायचा, मशाल पेटवायची आणि रक्तात शिरून तापाला हुसकायचं, एवढं त्याचं काम.

"उपाशीपोटी द्या. अख्खी, पाण्याबरोबर," साळू म्हणाली.

राजाला वाटलं, आजारी लेकरू, आणि उपाशी? त्यानं आधी दूधभात भरवला, मग गोळी दिली. झालं! दुधानं मशालजीचे हात धरले ते सोडलेच नाहीत. तो तसाच वाहून गेला. ताप चढला.

दुसऱ्या दिवशी केतकीला गोळी गिळवेना. मग राजानं ती कुटली, मधात कालवून चाटवली. अंगरख्याच्या चिंध्या झाल्या, आणि मशालजी आंबट तळ्यातच विरघळला.

साळू परत आली. तिनं खल बघितला, वाटी बघितली.

"महाराज, भरवलंत ते स्वतःच्या जिवाला. पोरीला माझं औषध पोचलंच नाही."

राजानं खल दूर सारला. मग राहिली तिसरी गोळी. सकाळपासून त्यानं केतकीला काही दिलं नाही. गोळी अख्खी, वर पाणी. कशीबशी गिळली बिचारीनं. मग म्हणाली, "आबा, एक घास द्या ना."

"थोडं थांब, बाळा. त्याला तळं ओलांडू दे."

"कुठवर आलाय तो?"

"आलाच. काठाला लागलाय बघ."

मशालजी पलीकडे पोचला. त्यानं मशालही पेटवली. पण ताप फार पुढे निघून गेला होता. दूधभाताची वाटी राजाच्या मांडीवर तशीच होती, आणि केतकी काही उठली नाही.

पुढे त्या राज्यात कुणाचं लेकरू तापलं, की राजा स्वतः जायचा. गोळी अख्खी गिळेपर्यंत, तळं ओलांडेपर्यंत उंबऱ्यात बसून राहायचा. मशालजी वेळेवर पोचायचे. ती लेकरं उठली, खेळली, मोठी होऊन सुखानं नांदली.

निजा आता. केतकीचा तो घास मात्र द्यायचा राहिला.