कुमुदा आणि सारसांचं घरटं

ज्या काळाची वर्षं आता कुणालाच सांगता येणार नाहीत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका राज्यात डोंगरांच्या कुशीत मोठा तलाव होता. त्याच्या काठी कुमुदा नावाची चित्रकार राहायची. तिचे वडील हरबाजी हेही चित्रकारच. पण म्हातारपणी त्यांची नजर अधू झाली आणि कुंचला लेकीच्या हाती आला.

कुमुदाला पाण्यावरची पाखरं काढायची आवड होती. पण काठावरून ती फार लांब दिसायची आणि जवळ जावं तर उडून जायची. म्हणून तिने एक डोंगा करून घेतला, एकाच झाडाचं खोड कोरलेला, एकटं माणूस जेमतेम बसेल एवढा. रोज उजाडलं की ती त्यात बसून निघायची, आवाज न करता वल्हवायची आणि एखादी जागा बघून थांबून राहायची. आधी पाखरं माना उंचावून तिच्याकडे बघायची. मग चरू लागायची. बऱ्याच वेळाने पाणडुबी डोंग्याला लागूनच डोकं वर काढायची, पाणमांजर पाठीवर पडून मासा खायचं. तेव्हा कुठे कुमुदा कोळशाची कांडी हातात घ्यायची.

संध्याकाळी हरबाजी विचारायचे, आज काय पाहिलंस? ती सांगत जायची, आणि त्या बोलण्यातून म्हाताऱ्याला सगळा तलाव दिसायचा.

हळूहळू तिची चित्रं राजवाड्यापर्यंत पोचली. महाराजांनी तिला बोलावून घेतलं. नव्या दालनाची एक भिंत कोरी होती. त्या भिंतीवर त्यांना सारसाचं घरटं हवं होतं. अंड्यातून पिल्लू बाहेर येतंय आणि आईबाप वाकून बघताहेत, असं चित्र. ते कुणी काढलेलं नव्हतं, कारण ते कुणी पाहिलेलंच नव्हतं. पावसाळा सरता सरता उत्सव होता. तोवर चित्र झालं तर कुमुदाला राजचित्रकार नेमू, असंही महाराजांनी सांगितलं.

कुमुदा हरखून परत आली. त्या वर्षी सारसांच्या एका जोडीने तलावातल्या देवनळाच्या, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या उंच बोरूसारख्या गवताच्या, बेटात घरटं केलं होतं. तिने बेटासमोर डोंगा उभा करायला सुरुवात केली. पण नळ इतका दाट की पाखरांच्या लाल माना तेवढ्या वर दिसायच्या. घरटं काही दिसेना. उत्सव जवळ येत चालला, अंडी फुटायची वेळही जवळ येत चालली. एका सकाळी कुमुदाने डोंग्यात विळा ठेवला.

थोडासाच तर कापायचाय, असं तिने स्वतःला समजावलं. ती पुढे गेली, तशी जोडी बिथरून उडाली आणि दूर उथळ पाण्यात उभी राहून ओरडू लागली. तिने भराभर नळ कापला आणि मागे सरली. पाखरं परतली. आता सगळं घरटं उघड्यावर होतं, त्यात दोन अंडी. दिवसभर ती चित्र काढत राहिली. इतका चांगला हात तिचा कधीच चालला नव्हता.

संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं, विळ्याचं सोडून. हरबाजींनी विचारलं, "एवढ्या दाट नळातून अंडी दिसली कशी?"

"वाऱ्याने नळ बाजूला झाला होता, आबा."



दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा घरट्यात एकच अंडं होतं. जी वाट तिने आपल्या नजरेसाठी केली होती, तिच्यातून कावळ्याची नजरही आत पोचली होती. मादी चोचीने रिकाम्या जागेवरचं गवत पुन्हा पुन्हा सारखं करत होती. वर एक घार घिरट्या घालत होती.

कुमुदा बराच वेळ तशीच बसून राहिली. मग तिने डोंगा त्या उघड्या जागेत आडवा लावला. पण तिची नजर पडली की सारस उठून उभे राहायचे, अंड्यावर बसेनात. शेवटी तिने स्वतःच तोंड फिरवलं आणि घरट्याकडे पाठ करून बसली. थोड्या वेळाने मागे गवत सळसळलं. पाखरू बसलं होतं.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना खरं काय ते सांगितलं. हरबाजींनी विचारलं, मग चित्राचं काय?

"चित्र होणार नाही, आबा. मला तिकडे पाठ करून बसावं लागतं."

 म्हातारा म्हणाला, "उद्यापासून भाकरी मी थापीन. तू उजाडायच्या आत निघ."

त्यानंतर रोज ती तिथे बसून राहिली. पावसाने भिजली, उन्हाने वाळली. कावळा आला की वल्हं उगारायची. चित्राची फळी घरीच पडून होती.

एका दुपारी तिच्या पाठीमागे बारीकशी चिवचिव ऐकू आली. मग मोठ्या पाखराचा हळू, घशातला आवाज. महाराजांना हवं होतं ते सगळं तिच्यापासून दोन हातांवर घडत होतं. एकदाच मान वळवायची होती. पण घार खाली उतरत होती. कुमुदाने घारीवरून नजर हटवली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हटवली नाही.

काही दिवसांनी पिल्लू आईबापांच्या मागे दाट नळात शिरलं. मग तिने डोंगा तिथून हलवला.

उत्सवाला ती रिकाम्या हातांनी दरबारात गेली आणि विळ्यासकट सगळं सांगितलं. महाराजांनी विचारलं, "इतक्या जवळ बसूनही तू पाहिलं नाहीस?"

"नाही महाराज. फक्त ऐकलं."

प्रधानांनी सुचवलं की घरटं तर तिने पाहिलंच आहे, पिल्लू मनाने काढावं, कुणाला कळणार आहे?

कुमुदा म्हणाली, "ते पाहायला मिळावं म्हणून मी एक जीव घालवला, महाराज. आता खोटं नाही काढायचं मला."

 महाराज नाराज झाले होते, आणि त्यांनी ते लपवलं नाही. राजचित्रकाराचं पद दुसऱ्याला मिळालं; त्याने भिंतीवर मोर काढला, आणि तो छानही झाला. पण पुढच्या पावसाळ्याआधी राज्यात दवंडी फिरली की पाखरं अंड्यांवर असतील तोवर तलावातल्या नळाला कुणी विळा लावायचा नाही.

आणि कुमुदा? थंडी सुरू झाल्यावरच्या एका सकाळी ती डोंग्यात थांबलेली असताना उथळ पाण्यातून तीन सारस चालत आले. दोघांच्या मधे एक तांबूस पिल्लू होतं, पाय अजून धड न सांभाळता येणारं. ते तिच्या अगदी जवळून चरत गेले. एकानेही मान उंचावली नाही. कांडी हातात होती, पण ते दिसेनासे होईपर्यंत ती नुसती बघत राहिली.

आपण पाहून झाल्यावरही ज्याचं जगणं आधीसारखंच चालू राहतं, त्यालाच आपण नीट पाहिलं असं म्हणावं.