साळूबाईची खीळ

त्या राज्यातले सगळे रस्ते उताराचे होते आणि गाडे बनवणारा कारखाना एकच होता. तो अस्वलाचा. गाडे देखणे असत. लग्न असो वा बाजार, अस्वलाच्या गाड्याशिवाय कोणाचं पान हलत नसे.

कारखान्यात साळूबाई नावाची साळिंदरीण आसावर चाकं चढवी आणि ती निसटू नयेत म्हणून टोकाला लाकडी खीळ ठोकी. एका हंगामात खिळी नव्या लाकडाच्या आल्या. ते लाकूड हलकं होतं, झटपट कापलं जाई. साळूबाईनं एक खीळ दाबून पाहिली, तशी ती कडकन मोडली. ती अस्वलाकडे गेली.

"मालक, ह्या खिळी उतारावर टिकायच्या नाहीत."

"बाजार तोंडावर आलाय," अस्वल शांतपणे म्हणालं. "तू ठोकत राहा."

तिनं ठोकल्या. बाजाराच्या दिवशी सशांचा गाडा वळणावर कलंडला आणि एक ससीण जन्माची लंगडी झाली. अस्वलानं तिच्या घरी फळं पाठवली, आणि गाडा हाकणाऱ्या कोल्ह्याचा हात सैल होता, असं सगळीकडे सांगितलं. कोल्ह्याच्या हाती पुन्हा कोणी गाडा दिला नाही.

साळूबाई पाणवठ्यावर गेली आणि जमलेल्यांना म्हणाली, "कोल्ह्याची चूक नाही. खीळ मोडली. ती मीच ठोकली होती. तसे गाडे अजून रस्त्यावर आहेत."

त्या संध्याकाळी कित्येकांनी गाडे तिथंच सोडून पायी घर गाठलं. सकाळी साळूबाईच्या जागेवर दुसरंच कोणी बसलेलं होतं. "हिचे काटे सोबत्यांना टोचतात," असं कारण अस्वलानं दिलं. इतकी वर्षं ते कोणालाच टोचले नव्हते. शेजारच्या राज्यातही तिला काम मिळेना. तिच्याआधी काट्यांची बातमी पोचलेली असे.

अखेर गाऱ्हाणं हत्तिणीपुढे गेलं. राज्याचा न्याय ती करी.

"माझं खाऊन हिनं माझीच अब्रू पाणवठ्यावर मांडली," अस्वल म्हणालं. "कामाला कोणाला ठेवायचं ते मी ठरवीन. कारखाना माझा आहे."

"कारखाना तुझा. गाड्यात बसणारे कोणाचे?" हत्तिणीनं विचारलं.

हत्तिणीनं खिळी बदलायला लावल्या, कोल्ह्याला गाडा आणि साळूबाईला तिची जागा परत द्यायला सांगितलं. मग राज्यभर दवंडी फिरली: गाड्यातला दोष सांगितला म्हणून कोणाचं काम जाणार नाही; कोणाला काढलंच, तर आपलं कारण खरं आहे हे मालकानं पटवून द्यावं.

साळूबाई कामावर आली. अस्वल तिच्याशी बोललं नाही, आणि ते बोलत नाही म्हणून इतरही बोलले नाहीत. दुपारी ती एकटीच जेवे. दवंडीनं जागा दिली होती. पंगत देणं दवंडीच्या हातात नव्हतं.

असेच दिवस गेले. एका दुपारी आस तासणारं खवल्या मांजर, जे एरवी हूं की चूं करत नसे, आपली वाटी घेऊन तिच्या शेजारी येऊन बसलं. दोन घास खाल्ले. मग बसल्या जागेवरूनच मोठ्यानं म्हणालं, "मालक, त्या कोपऱ्यातल्या गाड्याच्या आसाला चीर गेलीय."

सगळ्यांचे हात थांबले. अस्वलानं हातोडा खाली ठेवला, गुडघे टेकले आणि आपलं डोकं गाड्याखाली घातलं.