दिवटी बेटावरची लाकडं

दिवटी बेटावर पाहण्यासारखं तसं काही नाही. थोडी पुळण, चार माड, एक जुनी आवळी आणि वाऱ्याकडे पाठ करून बसलेली दगडी खोप. खोपीच्या दाराला कडी नाही. आत मधोमध चूल आणि भिंतीला लागून आढ्यापर्यंत रचलेली सुकी लाकडं. सुट्टीला आलेली माणसं पावसावाऱ्यात सापडली, की होडीवाले तांडेलमामा त्यांना इथेच आणतात, जाळ करतात आणि अंगात ऊब आली की ही गोष्ट सांगतात. आधी नाही. कुडकुडणाऱ्या माणसाला दुःखाचं काही सांगू नये, असं त्यांचं म्हणणं.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, समोरच्या गावात शेवंती नावाची सून आली. नवरा भिवा मासेमारी करी. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. गावचा नेम असा होता, की वादळात सापडलेल्याने बेट गाठावं आणि खोपीत जाळ करावा. किनाऱ्यावरून उजेड दिसला की गाव होडी सोडी. म्हणून तिथल्या लाकडांना एरवी कुणी हात लावत नसे.

कार्तिकात बायका आवळीभोजनाला बेटावर गेल्या. खीर शेवंतीकडे होती. सासर नवं, खीर फसून चालणार नव्हतं, आणि नेमकं सरपण संपलं. ती खोपीकडे वळली तशी एक म्हातारी म्हणाली, "अगो, त्या लाकडांका हात लावू नको. ती अडल्यानडल्याची."

"उद्या मोळी आणून ठेवतंय मी," शेवंती हसून म्हणाली.

त्या वर्षी लाकडं मुळात थोडी होती. ती सगळी जळली. खिरीचं मात्र फार कौतुक झालं. मग उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा झाला आणि मोळी राहून गेली.

अशात अवकाळी वादळ उठलं आणि भिवा समुद्रात अडकला. तिन्हीसांजेला सगळं गाव पुळणीवर उभं राहून बेटाकडे बघू लागलं. बेट काळंठिक्कर. "थंय असतो तर जाळ दिसलो असतो," जाणती माणसं म्हणाली, "तो दक्षिणेच्या बंदराक लागलो असतलो." वारा जरा पडताच होड्या दक्षिणेकडे गेल्या.

बाकीच्या बायकांना वाटत होतं, मोळी केव्हाच पोचली असेल. बेटावर लाकूडच नाही, हे एकट्या शेवंतीला ठाऊक होतं. तिची जीभ उचलेना. सासू काय म्हणेल, गाव काय म्हणेल! भिवा बंदरात सुखरूप असेलही, उगाच तोंड कशाला उघडा, असं ती मनाला समजावत राहिली. पहाटे होड्या रिकाम्या परतल्या, तेव्हा ती वाळूत कोसळून ओरडली, "बेटार जावा! थंय लाकूड नाय. मीच जाळलंय सगळी!"

भिवा खोपीतच सापडला. खडकावर आपटून पाय मोडला होता, कपडे ओलेगच्च होते. चुलीत त्याने भिजलेलं गवत रचलं होतं आणि चकमकीचे दगड मुठीत तसेच होते. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं, असं सांगतात. शेवंतीला हे कुणी सांगितलं नाही. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला, तेव्हा तिचं तिलाच कळलं.

गावाने तिला शब्दाने दुखवलं नाही. सासूनेही नाही, आणि तेच तिला सोसवेना. ती जन्मभर बेटावर मोळ्या नेत राहिली. म्हातारपणी मोळी उचलेनाशी झाली, तेव्हा ओटीत काटक्या नेई.

आजही बेटावर पाय ठेवणारा हातात एक तरी सुकं लाकूड घेऊन येतो. आवळीभोजनाला तिथे खीर करत नाहीत. आणि खोपीत शेकत बसलेला एखादा पाहुणा विचारतोच, "मामा, आपला जाळ गावातून दिसला असेल ना?"

तांडेलमामा चुलीत लाकूड सारतात.

"दिसलो नाय तरी चलात," ते म्हणतात. "शेवंतीपासून गावात एक ठरलेला आसा. वारो पडलो, की जाळ दिसांदे नायतर नाय, पयली होडी हयच येता."