दाराशी झोपणारे

त्या टेकडीला नाव नव्हते. तिथे राहणाऱ्या साळिंदरांना ते कधी लागलेच नाही. रीत मात्र एक होती. पाहुणा आला की त्याने बिळात झोपायचे आणि घरच्यांनी बाहेर, दाराशी; पाहुणा जाईपर्यंत.

एकदा पलीकडच्या रानात वणवा लागला आणि पाय भाजलेले कोल्हे टेकडीवर आले. साळिंदरांनी काटे मिटून वाट दिली. रिठीच्या आईनेही आपले बीळ दिले. नखे झिजवून तिने ते मुरमात कोरले होते. दार एकच ठेवले होते, कारण इथून पळावे लागेल असे तिला वाटलेच नव्हते.

"पाय बरे झाले की जातील," ती म्हणायची.

पाय बरे झाले. कोल्ह्यांना पिल्ले झाली, पिल्लांना पिल्ले. रिठी दाराशी जन्मली. आई दाराशी मेली.

मग नदीपलीकडून तरस आले. त्यांनी हद्दीचे दगड रोवले, साळिंदरांकडून कंद उकरून घेतले आणि पहाऱ्यावर कोल्हे नेमले. कंद संपल्यावर ते निघाले. "आता टेकडी तुमची," असे म्हणताना त्यांनी कोल्ह्यांकडेच पाहिले.

कोल्ह्यांनी राज्य जाहीर केले. टेकडीला नाव मिळाले, निशाण मिळाले. निशाणावर साळिंदर होते. काटे अंगाला चापून बसवलेले, गोंडस. पहिला कायदा झाला: जो बिळात झोपतो, तो इथला.

रिठीचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेची दोन्ही पिल्ले उघड्यावरून घारीने उचलली होती. निशाण चढवण्याच्या समारंभाच्या दिवशी ती आईच्या बिळाशी गेली. बिळाच्या तोंडाशी एक लठ्ठ कोल्हा यादी घेऊन बसला होता.

"या, रिठीबाई! निशाण पाहिलंत? अगदी तुमच्यावर गेलंय."

"आईचं बीळ हवंय, कोल्होबा. पिल्लं व्हायचीत."

"झोपता कुठे?"

"बाहेर. तुमच्यामुळे."

"मग झालं तर! यादीत तुम्ही पाहुण्यांत आहात. राग मानू नका हं."

आईने जन्मभर राग मानला नव्हता.

"पाहुणी?" रिठीने विचारले.

"लिहिलंय की तसं."

"मग उठा. या टेकडीवर पाहुणा आत झोपतो. घरचे बाहेर."

कोल्ह्याचे हसू तोंडावरच वाळले. रिठीने त्याच्याकडे पाठ केली आणि एकेक काटा उभा करत ती उलट्या पावलांनी बिळात शिरू लागली. वर निशाणावरचे साळिंदर काटे मिटून फडफडत होते. आत कोल्हे मागे मागे सरकत होते, जिथे दुसरे दार नव्हते.