म्हशीच्या पाठीवरचा वकील

फार पूर्वी, माळावर अजून कुणाचं कुंपण नव्हतं तेव्हा, नदीच्या एका काठावर म्हशींचं राज्य होतं आणि दुसऱ्या काठावर बगळ्यांचं. दोघांचा करार होता. म्हशींनी चरताना गवतातले किडे उडवायचे. बगळ्यांनी ते खायचे, म्हशींच्या गोचिड्या टिपायच्या आणि वाघ दिसला की ओरडायचं.

एका वर्षी म्हशींच्या राणीने, भुरीने, साळुंक्यांशीही करार केला. बगळ्यांचा वकील धवल जळफळला.

"आम्ही असताना ह्या कशाला?"

"तुमची चोच कानात टोचते हो," भुरी म्हणाली. "पाठ तुमचीच आहे."

धवलला ते पटलं नाही. तो दिवसभर भुरीच्या पाठीवर बसून तिच्या कानातल्या गोचिड्या टिपणाऱ्या साळुंकीवर नजर ठेवू लागला. ती किती खाते, भुरी तिच्याशी काय बोलते, एवढंच तो बघायचा.

एका दुपारी साळुंकी अचानक कलकलली. भुरी नदीत धावली, तरी वाघाचा पंजा तिच्या मांडीवर ओरखडा काढून गेला.

पाण्यात उभं राहून तिने विचारलं, "वकीलसाहेब, साळुंकी माझ्या कानाशी होती. तुम्ही वर बसला होतात. वाघ तुम्हाला कसा दिसला नाही?"

धवलने उत्तर द्यायला चोच उघडली, पण त्याची नजर पुन्हा साळुंकीकडेच गेली.