नीलकंठाने न सांगितलेला निरोप

लहानांनी ऐकावी आणि थोरांनी विसरू नये, अशी ही फार जुन्या काळची गोष्ट. एका डोंगरी राज्यात नीलकंठ नावाचा मुलगा होता. त्याला आपलं नाव मुळीच आवडत नसे.

"गदाधर म्हणजे गदा धरणारा. त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा. आणि मी? निळ्या गळ्याचा!" तो आईजवळ कुरकुरला. "सगळे हसतात मला."

आई म्हणाली, "समुद्रमंथनातून हलाहल निघालं, तेव्हा सगळे देव घाबरून मागे सरले. महादेवांनी ते प्यायलं. पोटात जाऊ दिलं नाही, बाहेर थुंकलं नाही. गळ्यातच अडवलं, म्हणून जग वाचलं. त्या निळ्या डागासारखा दागिना दुसऱ्या कुठल्या देवाच्या अंगावर आहे, सांग बरं!"

नीलकंठ मोठा झाला आणि राजाचा दूत झाला. एका उन्हाळ्यात नदीच्या पाण्यावरून शेजारच्या राज्याशी भांडण पेटलं. राजाने त्याला समेटाची बोलणी करायला पाठवलं. शेजारचा म्हातारा राजा संतापला होता. नीलकंठाच्या तरुण राजाच्या स्वर्गवासी आईबद्दल त्याने असे काही शब्द काढले, की त्याच्याच दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या.

"जसंच्या तसं सांग तुझ्या राजाला!" तो गरजला.

नीलकंठ परतला, तेव्हा वेशीवर सैन्य सज्ज उभं होतं.

"काय म्हणाला तो?" राजाने विचारलं.

"महाराज, पाणी द्यायला ते तयार नाहीत. आणखीही बोलले, पण ते रागाचं बोलणं. ते मी सांगणार नाही."

निरोप दडवणाऱ्या दूताला त्या राज्यात मृत्युदंड होता. राजाने तशी आठवण करून दिली. तरी नीलकंठ म्हणाला, "शिक्षा भोगीन, महाराज. पण ते शब्द माझ्यापाशीच राहतील."

राजाने शिक्षा पुढे ढकलून त्याला कोठडीत टाकलं. पण पाण्याची बोलणी पुन्हा करता येणार होती, आणि जे शब्द कानावरच आले नाहीत, त्यांच्यासाठी तलवार कोण उपसणार? सैन्य वेशीवरच थांबलं.

तिकडे म्हाताऱ्या राजाचा राग निवळला, तशी त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली. रोज तो हल्ल्याची वाट बघे, हल्ला काही येईना. अखेर तोच नदी ओलांडून आला आणि भर दरबारात हात जोडून म्हणाला, "तुमच्या आईविषयी मी नको ते बोललो. एवढं तुम्ही सहन तरी कसं केलंत?"

राजा थक्क झाला. "मला हे आत्ता कळतंय," तो म्हणाला. "त्याच दिवशी कळलं असतं, तर..."

दोघांनी नदीचं पाणी वाटून घेतलं. राजाने कोठडीचं दार स्वतः उघडलं आणि नीलकंठाला हाताला धरून बाहेर आणलं. त्याची आई दाराशीच उभी होती.

"माई, फार मोठं नाव ठेवलंत मुलाचं!" राजा म्हणाला.

आई ताठ मानेने उत्तरली, "नाव आम्ही ठेवलं, महाराज. ते मोठं त्यानं केलं."

तात्पर्य: देवाचं नाव पाळण्यात मिळतं, त्याचा अर्थ मात्र स्वतः जगून मिळवावा लागतो.