उरलेली सदतीस

“आणि उरलेली सदतीस?”

येलमुले मॅडमनी एवढंच विचारलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

केतकीला हसूच आलं. दोनशे बारा पानांचा प्रबंध, सोळा शाळा, रंगीत आलेख. आणि बाईंची नजर जाऊन जाऊन पडावी कुठं? तर तळटिपेवर!

“कुठली सदतीस, मॅडम?”

“बोलावलीस सहाशे अठ्ठेचाळीस मुलं. तपासलीस सहाशे अकरा. बाकीची कुठं गेली?”

“वगळली.”

“का?”

“सहकार्य केलं नाही त्यांनी.”

टेबलावर मॅडमचं पेन पडलं होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.

आता ही केतकी कोण, ते सांगायला हवं. डॉक्टर केतकी निमजे, लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. हुशार? अहो, हुशार म्हणजे किती! पण तेवढाच तोरा. नाकावर माशी बसू द्यायची नाही. दीड वर्ष तिनं तालुक्यातल्या शाळा पालथ्या घातल्या होत्या. पेनाएवढा कॅमेरा पोरांच्या तोंडात धरायचा, गाल, जीभ, टाळू सगळं पडद्यावर बघायचं, नोंद करायची, की पुढचा.

आणि दीड वर्षाचं फळ काय? तर किडलेले दात पुष्कळ, सुजलेल्या हिरड्याही पुष्कळ. पण सुपारीचा रोग? ज्याच्या नावानं सगळा जिल्हा बोंब मारतो, पुढं ज्याचा कॅन्सर होतो, तो? चौदा वर्षांखालच्या एकाही मुलाला नाही. शून्य!

या शून्यावर केतकी फार खूश होती. जिल्ह्याचे साहेब तर तिच्याहून खूश. रोगच नाही म्हटल्यावर शाळांमधली दरवर्षीची तपासणी हवी कशाला? पुढच्या महिन्यापासून ती बंदच करून टाकायची असं ठरतही आलं होतं. प्रबंधावर मॅडमची सही तेवढी राहिली होती. मॅडम निवृत्त होऊन कोसमघाटसारख्या आडगावात दोन खोल्यांचा दवाखाना चालवत होत्या, तरी केतकीच्या मार्गदर्शक त्याच. म्हणून केतकीबाई दुपारच्या उन्हात गाडी काढून इथवर आल्या होत्या. सही घ्यायची, पाया पडायचं, संध्याकाळच्या आत शहर गाठायचं.

“सहकार्य केलं नाही म्हणजे काय केलं?” मॅडमनी विचारलं.

“तोंडच उघडलं नाही. मला आरसा, दिवा, कॅमेरा, सगळं आत घालायचं असतं. दोन बोटं तरी जागा लागते ना? ही पोरं दात ओठ घट्ट मिटून बसतात. हट्टी असतात, मॅडम! दिवसाला साठ पोरं उरकायची, त्यात कुणाकुणाची मनधरणी करायची?”

“उघडत नाही, असं म्हणाली ती?”

“कोण?”

“सदतीस जण.”

केतकी जरा अडखळली. “तसं... म्हणालं कुणीच नाही. मख्खासारखी बघत बसतात नुसती.”

“हं.”

या ‘हं’चा केतकीला राग आला. सहाशे अकरा तोंडं तपासली त्याचं एका शब्दानं कौतुक नाही, आणि सदतीस द्वाड पोरांचा एवढा पुळका! म्हातारपणी माणूस असंच करतं, तिनं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. शाळेचा निळा फ्रॉक, दोन वेण्या, हातात काढलेल्या चपला. वय असेल दहा-अकरा.

“ये, आचल,” मॅडम म्हणाल्या. “मधली सुट्टी झाली वाटतं?”

मुलीनं मान हलवली.

केतकी खुर्चीतच पुढं सरकली. “अगंबाई! मॅडम, ही तर त्यातलीच एक! इथल्याच शाळेतली. मला पक्की आठवते. हनुवटी धरून खाली ओढली हिची, तरी ढिम्म. वर मुळूमुळू रडणं! शेवटी ओरडले मी, ‘नखरेल कुठली, हो बाजूला!’”

हे ती हसत हसत सांगत होती. दुसरं कुणी हसलं नाही.

मुलगी जमिनीकडे बघत राहिली.

मॅडम उठल्या. फडताळातून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात लाकडाच्या चपट्या पट्ट्या होत्या, आइस्क्रीमच्या काडीसारख्या, उकळून वाळवलेल्या.

“केतकी, तोंड उघड.”

“मी?”

“तूच.”

काय करणार! गुरू म्हटल्यावर आ करावाच लागतो. मॅडम वरच्या आणि खालच्या दातांमध्ये एकेक पट्टी सरकवू लागल्या. एकीवर एक, एकीवर एक. पाच. दहा. पंधरा. केतकीला वाटलं आता पुरे, पण पट्ट्या जातच होत्या. वीस. एकवीस. बावीस.

बावीस पट्ट्यांची चवड दातांत धरून डॉक्टर केतकी निमजे बसली. बोलता येईना. लाळ गळायला लागली. जन्मात पहिल्यांदा पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं, असं तिच्या आईनं म्हटलं असतं.

“आता तू, बाळ.”

आचल बाकावर बसली. दप्तरातून तिनं स्वतःच्या पट्ट्या काढल्या. फडक्यात नीट बांधून ठेवलेल्या. पहिली लावली. दुसरी. तिसरी. हाताला सवय झालेली दिसत होती. चौथी. पाचवी. सहावी लावताना ती थांबली, नाकानं श्वास घेतला.

सातवी तिनं अंगठ्यानं ढकलली. डोळ्यांत पाणी आलं.

आठवी तिनं हातात घेतली. दातांना टेकवली, ढकलली. मान मागं गेली, पण पट्टी जाईना. पुन्हा ढकलली. गाल थरथरायला लागला.

“राहू दे,” मॅडम म्हणाल्या. “मागच्या गुरुवारी किती होत्या?”

आचलनं सहा बोटं दाखवली.

“शाब्बास.”

केतकी बघत होती. ही कसली शर्यत चाललीय, तिला कळेना. पोर तोंड का उघडत नाही नीट? घाबरते का?

मॅडम तिच्याकडे वळल्या. तिच्या दातांतल्या पट्ट्या त्यांनी काढून घेतल्या आणि तोंडी परीक्षेत विचारावं तसं विचारलं, “सुपारीच्या रोगाची लक्षणं सांग.”

केतकीची गाडी सवयीनं सुरू झाली. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं.

“सुरुवातीला तिखट झोंबतं. गालाची आतली कातडी पांढरी पडते. मग ती ताठ होते, आतून दोरीसारखे पट्टे येतात, आणि हळूहळू तोंड...”

ती थांबली.

“बोल ना. तोंड काय?”

केतकी एकदा आचलकडे बघे, एकदा त्या सात पट्ट्यांकडे. पोरीच्या दातांतून त्या अजून निघायच्या होत्या.

“उघडेनासं होतं,” ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या हातात बॅटरी दिली.

आचलनं पट्ट्या काढल्या. केतकी गुडघ्यांवर बसली, पोरीचा गाल बोटानं बाजूला केला आणि फटीतून आत उजेड टाकला. गुलाबी असायला हवं ते सगळं पांढरंफटक होतं. उकडलेल्या अंड्यासारखं. बोट आत घातलं तर गालात उभ्या दोऱ्या लागल्या, ताणलेल्या, कडक. अशा गालाचं चित्र तिनं परीक्षेत काढलं होतं. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

“सुपारी खातेस?” तिनं विचारलं.

“आता नाई जी. सोडली.” आचल दातांतल्या दातांत बोलत होती. “पयले खात होतो. गोड सुपारी. शाळेच्या बाजूले भेटते.”

“किती?”

“दहा-बारा पुड्या.”

“आठवड्याला?”

“रोज जी.”

केतकीनं डोळे मिटले. “जेवतेस कशी?”

“वरणात कुस्करतो. बोटानं आत लोटतो.”

“अगं, मग... मी आले होते तेव्हा मला सांगितलं का नाहीस?”

आचलनं मॅडमकडे बघितलं. सांगू की नको असं. मग म्हणाली, “तुमी वरडल्या ना जी.”

देवा रे! थोबाडीत बसली असती तरी इतकं लागलं नसतं. केतकी तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. सदतीस. सोळा शाळांमधली सदतीस पोरं रांगेतून बाहेर काढली, ती आपल्याच हातानं. रोग बघायला निघालो आणि रोग दिसला की म्हणालो, हो बाजूला. तोंड बांधून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वर निष्कर्ष काय, तर शून्य! आणि त्या शून्यावर आता तपासणीच बंद होणार.

“यातली किती... किती जणं अशी असतील?”

“मला काय माहीत? एकच माझ्यापर्यंत आली. तीही तिखट झोंबतं म्हणून.”

“काही भित्रीही असतील. काही खरंच हट्टी असतील.”

“असतील.”

“मग सगळ्यांनाच हा रोग आहे असं थोडंच...”

“मी कुठं म्हटलं?”

केतकी उठली. माणूस कोपऱ्यात सापडलं की फणा काढतं, त्याला इलाज नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“पण मॅडम, हा नियम मी माझ्या मनानं नाही केला! ‘पुरेसं तोंड न उघडणारी मुलं अभ्यासातून वगळावीत.’ हे वाक्य तुमच्या प्रबंधातलं आहे. तुमच्या! पान एक्केचाळीस. ग्रंथालयात बसून शब्दन् शब्द उतरवून घेतलाय मी. मला वाटलं, मॅडमनी लिहिलंय म्हणजे त्यात बघायचं काय... तुम्हीच लिहिलंय ना ते?”

बोलून गेली आणि जीभ चावली. गुरूला असं बोलतात होय?

मॅडम डब्याचं झाकण लावत होत्या. झाकण बसेना. त्यांनी ते काढलं, पुन्हा लावलं, मग तसंच राहू दिलं.

“हो. मीच लिहिलं. बत्तीस वर्षं झाली.”

“म्हणजे तुम्हाला पण...”

“शून्य,” मॅडम म्हणाल्या. “पदक मिळालं मला त्याचं.”

इतकी वर्षं जिच्या नावाची शपथ घ्यायची, जिचं वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजायची, तिचंच हे असं! केतकीला रडू येत होतं, आणि रडू नेमकं कुणासाठी येतंय तेही कळत नव्हतं.

आचलनं पट्ट्या पुसून फडक्यात बांधल्या. “बाई, जाऊ जी? घंटा होईन.”

“जा. घरी गेल्यावर पट्ट्या पुन्हा लाव, तोंड हळूहळू सैल होईल. जबरदस्ती करायची नाही.”

“हो जी.”

“थांब, आचल,” केतकी म्हणाली. मुलगी थांबली. अंग चोरून, आता काय ऐकावं लागतं अशी उभी राहिली. केतकीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “चुकलं माझं, बाळा. तू नखरे करत नव्हतीस.”

आचलनं चपला पायात सरकवल्या आणि शाळेच्या दिशेनं पळाली.

दवाखान्यात दोघीच उरल्या. मॅडमनी प्रबंध मिटला आणि केतकीच्या पुढ्यात सरकवला. सही केली नव्हती.

केतकी खुर्चीत बसली.

“मॅडम,” केतकीनं शेवटी विचारलं, “तुमची किती होती? वगळलेली?”

“एकोणीस.”

“त्यांचं पुढं काय झालं?”

“शोधायला निघाले तोवर वीस वर्षं उलटून गेली होती. बारा घरं सापडली.” मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “त्यातल्या पाच घरांत फोटोला हार होता... तुझी अजून शाळेत आहेत, केतकी. ऊठ. पाचला शाळा सुटते.”